ट्रॅक्टर कलला की मी ओरडतो

मी एक जुना सेन्सर आहे. काडेपेटीएवढ्या काळ्या डबीत राहतो. तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर आहे, त्याच्या सीटखाली माझी जागा.

मित्रांनो, मला डोळे नाहीत. माझ्या पोटात अगदी बारीक स्प्रिंगांवर टांगलेला एक कण आहे. गाडी हलली की तो सरकतो आणि मला कळतं, आपण चढतोय, उतरतोय की एका अंगाला कलतोय. तुमच्या मोबाइलवरचं चित्र आडवं-उभं करतो तो माझाच भाऊबंद. माणसांचं बोलणंही बारीक थरथर होऊन माझ्यापर्यंत पोचतं.

ट्रॅक्टर चालवते प्रियदर्शनी. तिचा नवरा जयराज सैन्यात गाड्यांचा मेकॅनिक. सुट्टीवर आला तेव्हा त्यानेच मला बसवलं. ट्रॅक्टर फार कलला तर मी भोंगा वाजवायचा आणि इंजिन बंद करायचं, एवढंच माझं काम.

पण सुरुवातीला मी अडाणी होतो. ढेकूळ चाकाखाली आलं तरी बोंबलायचो. प्रियदर्शनीने जयराजला फोन लावला.

"आवं, ह्यो तुमचा डबा दगडाला बी भितोय की!"

"अगं, दणका आणि कल यातला फरक त्याला शिकवावा लागतोय. मी सांगतो तसं कर."

वैतागून माझी वायर तोडण्याऐवजी तिने मला शिकवलं. दणका बसतो आणि जातो. कल मात्र वाढत राहतो. मला ते लय आवडलं.

एके सकाळी ती फवारणी करत बांधाच्या कडेने चालली होती. मान मागे वळवून फवारा बघत होती. कडेची माती पाण्याने भुसभुशीत झाली होती. चाक हळूहळू खचू लागलं. दणका नाही, आवाज नाही, फक्त माझा कण सरकत राहिला. मी जीव खाऊन ओरडलो आणि इंजिन बंद केलं. प्रियदर्शनी वरच्या अंगाने खाली उतरली. शेजारच्या मानसिंगने दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून आमचा ट्रॅक्टर बाहेर काढला.

तिची सासू अंबूबाई रडतच धावत आली. मग दसऱ्याला तिने माझी काय पूजा केली! डबी उघडली, पाण्याने न्हाऊ घातलं, हळद-कुंकू वाहिलं. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. पण पाणी आत शिरलं आणि माझी वाचा गेली. वरून मी छान दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर जायचं होतं. मी मनातून ओरडत होतो, पण ते कुणाला ऐकू जाणार? निघण्याआधी प्रियदर्शनी थांबली. तिने मला वायरसकट खाली काढून हातात आडवं धरलं. एवढं कलल्यावर भोंगा वाजायलाच हवा होता, पण वाजला नाही.

"आत्या, ह्येचा आवाज न्हाई येत. आज ट्रॅक्टर न्यायचा न्हाई."

"अगं बया! म्याच न्हाणलं की गं त्येला!"

अंबूबाईने मला कोरड्या फडक्यात गुंडाळून उन्हात ठेवलं आणि दिवसभर राखण बसली. तिसऱ्या दिवशी मला कंठ फुटला, तेव्हाच ट्रॅक्टर बागेत गेला.

मित्रांनो, आमचे आभार मानायला विसरलात तरी चालेल. पण गाडी सुरू करण्याआधी आम्हाला एकदा हलवून बघा. आम्ही बंद पडलो, तर ते सांगायलाही आम्हाला तोंड नसतं.