दाराआडची पिवळी बादली

नाक मुरडू नका मित्रांनो, आधी ऐकून तर घ्या. मी एक जुनी, पिवळी, दहा लिटरची बादली आहे आणि माझं काम उलटी झेलण्याचं आहे. कुणा बादलीच्या नशिबी झाडांना पाणी घालणं असतं, कुणाच्या नशिबी फरशी पुसणं. माझ्या वाट्याला हे आलं. सुरुवातीला मलाही त्याचं फार वाईट वाटायचं. आता मात्र माझ्याइतकी सुखी बादली शोधून सापडणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगते. छाती नसली म्हणून काय झालं?

जन्मापासून मी या धंद्यात नव्हते. रंगाच्या कारखान्यात एका साच्यातून मी बाहेर पडले. माझ्या पोटात पांढरा रंग भरला, वर झाकण ठोकलं आणि मला दुकानात पाठवलं. तिथून मला एका रंगारीण बाईनं उचललं. ती इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायची. परांचीवर चढून ती माझ्या कडीला बांधलेला दोर वर ओढायची. चौथ्या मजल्यावरून खाली बघितलं की माझं प्लास्टिक गार पडायचं. ही मात्र एका फळीवर उभी राहून शिट्टी वाजवत रोलर फिरवायची.

रंग जुळवण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणी जुन्या भिंतीचा नखाएवढा पोपडा आणून दिला, तरी ती माझ्यातल्या पांढऱ्या रंगात थेंब थेंब दुसरा रंग घालायची, ढवळायची, बोटावर घेऊन उन्हात धरायची. हुबेहूब तीच शेड आल्याशिवाय भिंतीला ब्रश लावायची नाही. "नाही जमली," एवढंच म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिचं ते "जमली!" ऐकायला मी तासन् तास थांबत असे.

माझ्यातला रंग संपला तेव्हा तिनं मला घासून पुसून घरी नेलं. घरात तिचा नवरा होता. तो बस चालवायचा. आणि त्यांची चार वर्षांची मुलगी होती. ती एका जागी कधी थांबायची नाही, या खोलीतून त्या खोलीत सरकत राहायची, म्हणून तिला सगळे सोंगटी म्हणायचे. एका दुपारी सोंगटीला अचानक मळमळू लागलं. बाबानं हाताला लागली म्हणून मलाच तिच्यापुढे धरलं. माझ्या नव्या नोकरीचा तो पहिला दिवस.

त्या दिवशी मी सोंगटीकडे बघितलंच नाही. मी बघत राहिले आईकडे. चौथ्या मजल्यावर शिट्टी वाजवणारी ती बाई पांढरीफटक पडली होती. दोन्ही कानांवर हात दाबून ती गॅलरीत पळाली आणि तिनं बाहेरून दार लावून घेतलं. बाबानं सगळं आवरलं, मला साबणानं धुतलं, तरी ती तासभर आत आली नाही.

मित्रांनो, आईला उलटीची भीती वाटायची. किळस नव्हे, भीती. कुणी ओकणार असं नुसतं वाटलं तरी तिच्या छातीत धडधडायचं आणि पाय आपोआप दाराकडे वळायचे. तिला माझ्याकडे बघवेना. म्हणून मला न्हाणीघराच्या दाराआड ठेवलं आणि वर एक जुनं फडकं टाकलं. मला कुणी घाणेरडी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जिच्या हातातून मी रंग सांडू दिला नाही, तिनंच मला बघून मान फिरवावी, हे मला फार लागलं.

फडक्याला एक भोक होतं. त्यातून मी घर बघायची. आई दूध तीनदा हुंगायची. बाहेरून आलं की कोपरापर्यंत हात धुवायला लावायची. शाळेत कुणाचं पोट बिघडल्याची बातमी आली की सोंगटीची दोन दिवस सुट्टी. वाढदिवसांना जाणं बंद, सहलीला जाणं बंद, कारण बसमध्ये मुलं ओकतात. बाबा म्हणायचा, "अगं, माझ्या बसमध्ये रोज दोघं तरी ओकतात. मी धडधाकट आहे की नाही?" त्यावर आई त्याला पुन्हा हात धुवायला पाठवायची. आणि सोंगटीला दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न असायचा. "पोट कसं आहे गं?"

"मस्त आहे!" सोंगटी म्हणायची. दरवेळी म्हणायची. मला वाटायचं, काय भारी पोट आहे या पोरीचं.

सोंगटी सात वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी आईनं तिचा शाळेचा डबा धुवायला घेतला. झाकण जरा जास्तच घट्ट लावलेलं होतं. तिनं ते उघडलं आणि डबा मोरीत टाकून किंचाळली. डब्यात जेवण नव्हतं. सोंगटीला मधल्या सुट्टीत उलटी झाली होती. पोरगी डबा घेऊन पायऱ्यांखाली गेली, त्यात ओकली, झाकण लावलं, तोंड धुतलं आणि पुढचे सगळे तास वर्गात बसून राहिली. बाईंना सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही.

आई गॅलरीत पळाली आणि तिथून ओरडली, "अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"तू घाबरतेस ना," सोंगटी म्हणाली. "मला जमतं एकटीला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. गॅलरीच्या काचेपलीकडे आई मटकन खाली बसली. सात वर्षांच्या मुलीनं आजारी असताना आईला सांभाळायचं, हे उलटं काम आपल्या घरात चाललंय, हे तिला त्या दिवशी कळलं. मला तर आधीच कळायला हवं होतं. मी दाराआड बसून काय करत होते?

दुसऱ्या आठवड्यात आई एका समुपदेशक बाईंकडे गेली. भीती वाटणाऱ्या माणसांबरोबर काम करणं हाच त्यांचा व्यवसाय. तिथून आली ती सरळ न्हाणीघरात शिरली, डोळे बारीक केले आणि फडकं ओढलं. तीन वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो. "बाई म्हणाल्या, आधी हिच्याकडे बघायचं," ती बाबाला म्हणाली. "पाच मिनिटं. भीती वाटली तरी जागचं हलायचं नाही."

बैठकीच्या खोलीत मला स्टुलावर बसवलं. आई समोर खुर्चीत बसली, घामाघूम. सोंगटी घड्याळ घेऊन उभी. मी एवढी नीट कधीच बसले नव्हते, मित्रांनो. लग्नासाठी मला बघायला आल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या पायऱ्या अवघड होत्या. माझ्या शेजारी बसून चहा पिणं. मग आवाज. बाबानं आतल्या खोलीत जाऊन "ओऽऽक" करायचं आणि आईनं कान न झाकता ऐकायचं. बाबाला वाटलं, आपण मोठे नटच आहोत. त्यानं असा काही जीव ओतला की शेजारचे आजोबा साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं आणि लिंबू घेऊन धावत आले. "डॉक्टरांना बोलावू का? फार वाईट आवाज येतोय हो!" त्यांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मग माझाही एक ऐका." त्यांचा आवाज बाबापेक्षा सरस निघाला. बाबा दोन दिवस रुसून होता.

आणि मग खोटी उलटी आली. बाईंनी सांगितलं होतं, घरातल्याच जिनसांची बनवा, बादलीत ओता, जवळ उभ्या राहा. सोंगटीनं बिस्किटं पाण्यात कालवली आणि माझ्यात ओतली. आईनं श्वास रोखून आत डोकावलं. पण बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. ही आठी माझ्या ओळखीची होती.

"नाही जमली," ती म्हणाली.

"काय?"

"शेड. ही फार करडी आहे. थोडं दही घाल. आणि गाजराचा कीस, अगदी चिमूटभर."

त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर म्हणजे रंगाचं दुकान झालं. छोट्या वाट्यांमध्ये नमुने, प्रत्येकाखाली चिठ्ठी: एक नंबर, बिस्किट-दही. चार नंबर, मका-टोमॅटो. सात नंबर, ओट्स आणि पालक, हिला सोंगटी "सहलीची" म्हणायची. आई बोटावर घेऊन खिडकीशी नेऊन बघायची! भीती कुठे गेली नव्हती. मी तिच्या हातात असायची, तिची धडधड कडीतून मला कळायची. पण धडधडत्या छातीनंही माणसाला शेड जुळवता येते, हे मी डोळ्यांनी बघितलं. शेवटी रोजची तालीमच ठरली. सोंगटीनं तोंडात नमुना घेऊन पळत यायचं, आवाज काढायचा. आईनं एका हातानं मला धरायचं, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. सोंगटी गुण द्यायची. आईला पहिल्यांदा तीन मिळाले, महिन्याभरात आठ.

एका रविवारी सकाळी बाबा कामावर गेला होता. आई ब्रश धुवत बसली होती. सोंगटी पळत आली, वाकली आणि आवाज काढला. आईनं वर न बघता मला पुढे केलं, पाठीवर हात ठेवला, मोजायला लागली. दहा झाले. तिनं आत डोकावलं.

"आवाज झकास! नऊ गुण घे," ती म्हणाली. "शेड मात्र फिकी आहे. कितवा नंबर गं हा?"

"आई," सोंगटी म्हणाली, "हा खरा आहे."

माझी कडी आईच्या मुठीत खुळखुळ वाजायला लागली. तिनं मला खाली ठेवलं. उठली. पाय दाराकडे वळले, मी बघितलं, हात दाराच्या कडीवर गेला. आणि सोंगटीनं, ओठ पांढरे पडलेल्या त्या पोरीनं, मला आपल्या दोन्ही हातांनी जवळ ओढलं. तिला सवयच होती.

"तू जा गॅलरीत," ती म्हणाली. "मला जमतं."

मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर मी त्या क्षणी बोंब ठोकली असती. थांब, बाई! चौथ्या मजल्यावर उभी राहतेस ना, तशी थांब!

आईचा हात दारावरून खाली आला. ती परत आली, फरशीवर बसली, मला सोंगटीच्या हातांतून काढून आपल्या मांडीत घेतलं. "एकटीला नाही जमवायचं," ती म्हणाली. "मी आहे." दुसरी उलटी आली तेव्हा ती मोजत होती, मोठ्यानं, रडत. सहानंतर आठ म्हणाली, मग पुन्हा पाचावर गेली. पण हात पाठीवरून हलला नाही. तिसरीच्या वेळी सोंगटीनं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटले. आजारपणात आईच्या खांद्यावर झोपायची तिची ती पहिलीच वेळ होती. मला आनंदानं काठोकाठ भरून आलं, म्हणजे खरंच भरून आलं होतं, पण तो तपशील राहू द्या.

आता तुम्ही विचाराल, आईला लागण झाली का? झाली तर! तिसऱ्या दिवशी दुपारी. जिची तिला जन्मभर धास्ती होती, तेच झालं. ती लहान असताना शेवटची ओकली होती, म्हणायची. मला कवटाळून फरशीवर बसली, डोळे गच्च मिटलेले. सोंगटी शाळेतून नुकती आली होती. तिनं दप्तर टाकलं, आईचे केस मागे धरले, पाठीवर आपला छोटा पंजा ठेवला आणि मोजायला लागली. एकही आकडा चुकली नाही.

सगळं शांत झाल्यावर आईनं एक डोळा उघडला. "झालं?" तिनं विचारलं. "एवढंच?"

सोंगटी माझ्यात वाकून बघत होती. मग तिनं मान डोलावली.

"जमली!" ती म्हणाली.

आई हसायला लागली. पोट दुखत होतं तरी हसत होती, फरशीवर आडवी होऊन हसत होती, आणि सोंगटीही तिच्या शेजारी आडवी झाली. मी दोघींच्या मधोमध होते.

आता मी उघड्या फळीवर राहते. सोंगटीनं माझ्या पोटावर "नऊ गुण" असं रंगवलंय. आईला अजून भीती वाटते, पण सोंगटी या वर्षी सहलीला गेली. मीही गेले, तिच्या सीटखाली बसून. दोघांच्या कामी आले आणि परत येताना मुलांनी माझ्यावर ताल धरून गाणी म्हटली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेलच. तिला साबणानं घासा, उन्हात वाळवा, आणि तुमचेही हात धुवा. पोटात ढवळलं तर घरच्यांना सांगा, ते घाबरत असले तरी सांगा. आणि आम्हाला मात्र दाराआड ठेवू नका.