संवत्सरीचा मेसेज

टीनाने बॅग भरूनच आणली होती. संयमने नीट माफी मागितली तर त्याच्यासोबत घोडेगावला परत, नाहीतर इथूनच नारायणगावची एसटी धरून माहेरी, हे तिने मंचरला येताना गाडीतच बजावलं होतं.

नवरा-बायकोंची भांडणं सोडवणाऱ्या मोहिनीताई खताच्या दुकानाच्या माडीवर बसत. अवसरीच्या शेतकरी घरातली बाई, गोड बोलून गुंडाळणं त्यांना जमतच नसे.

"मी मागितलीय माफी," संयमने मोबाइल पुढे केला. "हे बघा. संवत्सरीचा मेसेज."

जोडलेल्या हातांचं चित्र, खाली 'मिच्छामि दुक्कडम्', वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. हाच मेसेज त्याने दूधवाल्याला, गॅसवाल्याला आणि शेजारच्या खोलीत रडत बसलेल्या बायकोला एका दमात पाठवला होता. तो मोबाइल त्याच्याच डोक्यात घालावा, असं टीनाला वाटलं.

"माझ्याकडं असेल-बिसेल चालत नाय," मोहिनीताई म्हणाल्या. "काय केलं, ते नाव घेऊन सांगायचं. आणि त्यानं हिचं काय झालं, तेबी."

"अहो, आमच्यात असंच मागतात!"

"आमच्यात समोर बसून, हात जोडून मागतात," टीना फिस्कारली. "माझे पप्पा तरी."

दोन वर्षांपूर्वी त्यांचं बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून टीनाची झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या फक्त नवऱ्याला माहीत होत्या. आणि ऐन पर्युषणात सासूबाईंनी, कंचनबाईंनी, जैन स्थानकात भरल्या बायकांत सांगून टाकलं की आमच्या सुनेला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. आईला कसं कळलं कोण जाणे, हे पालुपद संयम महिनाभर आळवत होता.

"गोळ्यांचं फक्त तुलाच माहीत होतं ना? मग आईला कुणी सांगितलं?" मोहिनीताईंनी विचारलं. संयम पार घामेजला.

"मीच सांगितलं आईला," शेवटी तो पुटपुटला. "ती म्हणाली, सून उशिरा का उठते. मला ऐकून घ्यायचं नव्हतं, म्हणून गोळ्यांचं सांगून मोकळा झालो. तुला चारचौघींत तोंड दाखवायला जागा राहिली नाय."

टीनाला रडू फुटलं. राग होताच, पण महिनाभरात पहिल्यांदा तो खरं बोलला होता. मांडीवरची बॅग तिने खाली ठेवली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता, त्याने लगेच उचलला. कंचनबाईंच्या आवाजाला स्पीकर लागत नसे.

"कुठंयस रे? ती गोळीवाली पण हाय का बरोबर?"

"हो," संयम म्हणाला. "येतोच."

त्याने फोन खिशात टाकला. टीनाने बॅग उचलली होती.

"आता काय झालं?" तो वैतागला. "मागितली ना माफी?"

टीना मोहिनीताईंकडे वळली.

"ताई, पुढच्या बुधवारी येते मी," ती म्हणाली. "एकटीच."