धोक्याचा भत्ता

माझ्या भाच्याला लोक दोनच प्रश्न विचारायचे. पगार किती, आणि तुला मुलं होतील का.

प्लासिड तारापूरच्या अणुवीज केंद्रात इंजिनीअर. आमच्या भुईगावात त्या जागेला सगळे नुसतं 'ॲटमिक' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात, घरात कोणी आजारी असल्यासारखा. एवढं धोक्याचं काम म्हणजे पगार पोत्यानं येत असणार, असा लोकांचा हिशेब. खरा आकडा ऐकला की तोंडं उतरायची. दोन स्थळं अशीच गेली. एका बापाने तर विचारलं, "म्हणजे मुलगा नोकरीत अजून कच्चा आहे का?" एकोणतीस वर्षांचा घोडा माझा, कच्चा म्हणे.

तिसरं स्थळ नंदाखालच्या क्लेमेंटीनचं. ते मी शोधलं नव्हतं, प्लासिडनेच शोधलं होतं, चर्चच्या गायनमंडळात. तीन वर्षं दोघं एकाच पुस्तकात बघून गात होती आणि आम्ही मूर्ख त्याला भक्ती समजत होतो. ती शाळेत गणित शिकवायची. तिचा बाप सॅन्टन केळीचा बागायतदार. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र बहारीनचा एक वेल्डर होता. तो नाताळच्या सुट्टीत येणार होता, गळ्यातल्या सोन्याच्या चेनसकट. म्हणजे आमचं काय ते नाताळच्या आत व्हायला हवं होतं.

"मावशी, ही नाही तर कुणीच नाही," प्लासिड मला म्हणाला. जेवताना भाजीसुद्धा मागून न घेणारा मुलगा हा. मग मी सॅन्टनच्या कानावर आधीच घालून ठेवलं की पगार अडीच हजार, धोक्याचा भत्ता धरून. लग्न जमवायचं म्हणजे एवढं तरी करावंच लागतं.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही नंदाखालला गेलो. ओटीवर सॅन्टन होता, त्याची आई कॅथरिनआजी होती. क्लेमेंटीन आत चहाचं बघत होती, म्हणजे दाराआड उभी होती.

"अडीच हजार ऐकून बरं वाटलं," सॅन्टन म्हणाला.

आजीने जपमाळ मांडीवर ठेवली. "पण धोका कसला? त्या किरणांनी पुरुषात काही राहत नाही म्हणतात. पोरं झालीच तर बोटं कमी असतात."

प्लासिडचे कान लाल झाले. "आजी, तसं काही नाही. आम्ही छातीवर बिल्ला लावतो. किती किरणं लागली ते त्यावरून कळतं. मर्यादा ठरलेली आहे. ती भरत आली की त्या कामावरून काढून दुसरीकडे बसवतात. धोका नाही."

"मग भत्ता कशाचा?" आजीने विचारलं.

मी प्लासिडच्या पायावर पाय दिला. गाढवाने पाय काढून घेतला.

"असा भत्ताच नाही," तो म्हणाला. "हातात साडेबाराशे येतात. राहायला क्वार्टर आहे."

सॅन्टनने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे बघितलं. तिथूनही काही मदत येईना.

"मग तुमच्यात पगार वाढतो तरी कशाने?"

प्लासिडने विषय बंद करायचा तर शिकवणीच सुरू केली. पुढची पदवी घेतली तर वाढतो, काही वर्षांनी मुलाखत होते, तीत पास झालं तर वरची श्रेणी मिळते, महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो.

"आणि जास्त काम केलं तर?"

"इंजिनीअरला ओव्हरटाइम नाही. माझ्या हाताखालच्या फिटरला आहे. एखाद्या महिन्यात तो माझ्यापेक्षा जास्त घेऊन जातो."

"त्या फिटरचं लग्न झालंय का?" सॅन्टनने विचारलं.

"झालंय," प्लासिड म्हणाला. खरंच उत्तर दिलं त्याने. "दोन मुली आहेत."

"बोटं?" आजी पुढे सरकली.

"मी मोजली नाहीत."

जेजू देवा, असा भाचा वैऱ्यालाही देऊ नकोस. धोका आहे म्हणावं तर जावई बाद, नाही म्हणावं तर पगार बाद, आणि हा शहाणा दोन्हीकडे खरं बोलून बसला होता.

सॅन्टन उठला. "मुलगा चांगला आहे, बाई. पण बहारीनचा मुलगा महिन्याला पाच हजार घरी पाठवतो. आम्हालाही मुलीचं बघावं लागतं."

प्लासिडही उठला. "येतो," म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. सॅन्टनला चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात क्लेमेंटीन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"पप्पा," ती म्हणाली, "फर्डिनंडकाका माडावरून पडले, त्यांना किती भत्ता मिळाला?"

फर्डिनंड हा सॅन्टनचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी घरच्याच माडावर नारळ पाडायला चढला होता, तो जिवंत उतरला नाही. माड अजून ओटीसमोर उभा होता. सॅन्टनने तो तोडलाही नव्हता आणि त्यानंतर त्यावर कुणाला चढूही दिलं नव्हतं. नारळ वाळून आपोआप पडायचे आणि तिथेच कुजायचे. मला एकदम त्या माणसाची दया आली, आणि जिभेवर आलेले चार शब्द मी गिळले.

आजीने जपमाळ उचलली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते.

"सॅन्टन," ती म्हणाली, "त्या पोराला बस म्हण."

सॅन्टन माडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बसा. चहा गार होतोय."

फेब्रुवारीत, ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ लागायच्या आधी, आम्ही लग्न उरकलं. पुढच्या नाताळच्या आत मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी फादर हातात पाणी घेऊन उभे, आणि कॅथरिनआजीने पोरीची शाल सोडली. हाताची बोटं मोजली, पायांची मोजली, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली. फादर थांबले. सगळं चर्च थांबलं.

"वीसच्या वीस आहेत," ती सॅन्टनला म्हणाली. "म्हणजे मेल्याचा पगार खरंच साडेबाराशे आहे."