रिकाम्या प्लॉटांचं बहुमत

घड्याळजींनी आयुष्यभराची कमाई ओतून आखीव वसाहतीत घर घेतलं, तेव्हा त्या आखणीत त्यांच्या बायकोचे गुडघे धरलेले नव्हते. वर्षभरात ती चाकांच्या खुर्चीत आली आणि दारासमोरच्या पाच पायऱ्या म्हणजे सरहद्द झाली.

पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार करावा, एवढाच घड्याळजींचा बेत. पण राज्याचा कायदा असा, की आखीव वसाहतीत घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर सभेत बहुमत हवं. दर प्लॉटला एक मत.

सभेत सगळ्या शेजाऱ्यांनी हात वर केले. कुंपणाच्या दोन विटांवरून एकमेकांशी अबोला धरलेल्यांनीसुद्धा. घड्याळजींना भरून आलं. मग बिल्डरचा माणूस उठला. एका हातात चहा होता, त्याने दुसरा वर केला.

"विरोधात. न विकलेल्या प्लॉटांच्या वतीनं."

न विकलेले प्लॉट घरांपेक्षा जास्त होते. तिथे कंबरभर गवत माजलं होतं आणि त्या गवताला घड्याळजींच्या दर्शनी भागाची फार काळजी होती.

"अहो, गवताचं काय बिघडतंय?"

"काका, माझा स्वतःचा तुम्हाला पाठिंबाच आहे," तो नम्रपणे म्हणाला. "पण मी इथे स्वतः आलेलो नाही."

कायद्यात तोडही होती. बहुतेक प्लॉट विकले गेले की बिल्डरची मतं संपतात. घड्याळजींचा मेव्हणा म्हणाला, "दाजी, एक मी घेतो, बाकीच्यांसाठी मित्रांच्या मागे लागतो." तो बिल्डरच्या कचेरीत गेला, तर कळलं की प्लॉट विकायचे नाहीत.

"मग ठेवलेत कशाला?"

"विकले तर संपतील ना, साहेब."

घरी बायको वाट पाहत होती. "काय झालं?"

"हरलो."

"कुणाकडून?"

"गवताकडून."

ती हसली. "म्हणजे आता खाली उतरणार ती एकदाच, चौघांच्या खांद्यावरून. त्याला तरी मतदान नाही ना?"

घड्याळजींनी नियम काढून पाहिले. नव्हतं. मात्र तिथेच एक सवलत सापडली: घर सोडून जाणाऱ्याला सामान उतरवण्यासाठी एक दिवस पायऱ्यांवर फळी टाकता येते.

त्यांनी घर विकायला काढलं. येणारं गिऱ्हाईक शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलून परत जाई. शेवटी बिल्डरनेच पडेल भावात घेतलं.

फळीवरून कपाट उतरलं, पलंग उतरला, मग बायको. खाली आल्यावर तिने पदर सारखा केला.

"इतकं सोपं होतं हो," ती म्हणाली.

पुढच्या सभेत शेजारच्या शिंप्याने म्हाताऱ्या आईसाठी पायऱ्यांना कठडा मागितला. तो नामंजूर झाला. विरोधातल्या मतांत घड्याळजींच्या घराचंही एक होतं.