आठ फुटी खानदान

आमच्या अभिनंदनला काहीही लहान चालत नाही. हा माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. उद्यमबागेत त्याचा कारखाना आहे आणि आता हिंडलग्याच्या रस्त्याला बंगलाही झाला. फाटक एवढं जड की ढकलायला माणूस ठेवलाय. मोबाईल पुस्तकाएवढा. त्यातला कॅमेरा म्हणे जगात एक नंबर, आणि जगात एक नंबरच्या कॅमेऱ्यानं हा जेवणाच्या ताटाचे फोटो काढतो. अन्न निवतं, पण फोटोत भाताचं शीत न् शीत मोजता येतं, असं कौतुकानं सांगतो. आमच्या वेळी शितं मोजणाऱ्याला लोक चिक्कू म्हणायचे.

घरभरणीसाठी त्याला बैठकीच्या भिंतीवर ‘आपलं खानदान’ हवं होतं. खानदानाचा जुना फोटो एकच, आणि तो निपाणीत माझ्याकडे. लग्न होऊन मी घरात आले त्या वर्षी तंबाखूच्या वखारीपुढं काढलेला. सासरे, दीर, चुलत सासरे सगळे मिशा पिळून बसलेले. कडेला मी, सोळा वर्षांची, काळ्या फडक्यात डोकं घातलेल्या त्या फोटोवाल्याला भ्यालेली. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं उभी राजमतीआक्का, माझी थोरली नणंद. ती विधवा होती, म्हणून सासऱ्यांनी तिला “बाजूला हो” असं सगळ्यांदेखत सांगितलं. ती म्हणाली, “पोरगी थरथरतीया. मी हलत न्हाय.” आक्काचा तेवढाच एक फोटो. नंतर कुणी काढला नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही.

अभिनंदनचा ड्रायव्हर येऊन फ्रेमसकट फोटो घेऊन गेला. मी फोन करून बजावलं, “आक्काला त्यातनं नीट काढ बरं का. मोठं करून दे.” त्या टीचभर फोटोत तिचं तोंड माझ्या डोळ्यांना आता दिसेनासं झालं होतं. ते एकदा नीट बघायचं होतं. बाकीच्यांच्या मिशांशी मला काही देणंघेणं नव्हतं.

घरभरणीला गेले. भिंतीवर आठ फुटी कॅन्व्हास. पाहुणे त्याच्यापुढं उभं राहून स्वतःचे फोटो घेत होते, खानदानाकडे सगळ्यांची पाठ. सासऱ्यांच्या मिशा केरसुणीएवढ्या झालेल्या. मी चष्मा पुसला आणि कडेला गेले. मी होते. माझ्या मागं आक्का नव्हती, लाल मखमलीचा पडदा होता. आमच्या वखारीला मखमल! आणि माझ्या खांद्यावर चार बोटं होती. केळ्याएवढी, कुणाचीच नसलेली.

“अभी, आक्का कुठं हाय रं?”

“काढली की, काकी!” तो खूश होऊन म्हणाला. “तुम्हीच सांगितलासा न्हवं, नीट काढ म्हणून? कंप्युटरवर एका मिन्टात उडवली. बघा, डाग तरी दिसतोय काय?”

“मोठं करून काढ म्हणलं हुतं. पुसून टाक म्हणलं नव्हतं.”

तो गडबडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मला वाटलं, घरभरणी हाय, विधवा बाई भिंतीवर कशाला, म्हणून म्हणतासा. जुनी माणसं बघत्यात की हे सगळं.”

जुन्या माणसांनी निदान तिच्या तोंडावर सांगितलं होतं. तिला हलायचं की नाही ते ठरवता तरी आलं होतं.

“माझा जुना फोटो दे.”

त्याची बायको दिव्या मध्ये पडली. “तो काचेला चिकटलाता ओ काकी. पाण्यात घालून सोडवाय गेलाव, तर वरचं चित्रच निघून गेलं. पण आधी स्कॅन केलाता.”

“मग ते दावा.”

“फाईल लई मोठी हुती,” अभिनंदन म्हणाला. “मोबाईल भरला. फायनल झाल्यावर आधीचं सगळं उडवलं. फायनल ग्रुपवर टाकलाय की. अमेरिकेतनंबी अंगठे आल्यात.”

ताटातल्या शितांना जागा आहे. ज्या बाईनं ह्याच्या बापाला मांडीवर घेऊन भरवलं, तिच्या तोंडाला नाही.

माझी नजर कुठं आहे ते बघून त्यानं कपाळावर हात मारला. “आयला, हात ऱ्हायला व्हय! त्यो बी घालवतो. दुसरा प्रिंट मारून घेतो, काळजी करू नगासा.”

“त्या हाताला बोट लावशील तर बघ. दिव्या, कात्री आण गं.”

“कशाला ओ?”

“आण म्हणलं न्हवं.”

दाराची फीत कापायला आणलेली कात्री तिनं घाबरत हातात दिली. मी पांढऱ्या सोफ्यावर चढले. कॅन्व्हास चिवट होता, पण धार नवी होती. माझ्या डोक्यावरून सुरुवात केली आणि बोटं सांभाळत खाली आले. पाहुण्यांचे मोबाईल वर झाले. होऊ देत.

“काकी, आता तिथं भोक दिसणार की!”

“त्याच्याबी पुढं उभं ऱ्हा आणि फोटू घे.”

हात आतल्या बाजूला ठेवून तुकडा गुंडाळला, काखेत धरला आणि दिव्याला म्हटलं, “जेवायला थांबत न्हाय मी. तुमची गाडीबी नको. स्टँडपतोर रिक्षा बघ.”