कपाळ सैल सोडा

आमचे हे बस चालवतात. शाळा अर्ध्यात सुटलेली, त्यामुळे जन्मात एकच परीक्षा मनावर घेतली, ती म्हणजे डेपोत दरवर्षी होणारी डोळ्यांची तपासणी. आदल्या दिवशी टीव्ही बंद, सकाळी डोळ्यांवर गार पाण्याचे हबके, आणि घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मला हसू यायचं, पण बोलायची सोय नव्हती.

दोनेक वर्षांपासून त्यांच्या दोन्ही वरच्या पापण्या खाली उतरायला लागल्या. लोक विचारायचे, झोप झाली नाही का. समोरचं बघायचं तर भुवया पार केसांपर्यंत ओढायच्या आणि हनुवटी उचलायची. तसं करून डेपोतला तक्ता धडाधड वाचून यायचे, आणि मी डॉक्टरचं नाव काढलं की, "डेपोने मला नापास केलंय का?" सांगून सांगून माझी जीभ झिजली. मग एका संध्याकाळी सिग्नलचा वरचा लाल दिवा त्यांना उशिरा दिसला. ब्रेक करकचून दाबला, मागे लोकांच्या पिशव्या सांडल्या, शिव्या बसल्या. घरी येऊन स्वतःहूनच म्हणाले, "चल, दाखवून येऊ."

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत, पापणी उचलणारा स्नायू सैल पडलाय, छोटं ऑपरेशन करून घ्या. मला हायसं वाटलं, ते बिलाच्या खिडकीपर्यंत टिकलं. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं. विम्याशिवाय करायचं तर डॉक्टरांचे वेगळे, भुलीचे वेगळे, ऑपरेशनच्या खोलीचे वेगळे, सगळे मिळून ह्यांचे पाच पगार. म्हणजे आमची होती नव्हती ती पुंजी. विमा मंजूर झाला तर आपला हिस्सा अर्धा पगार. "पण पापणी नजरेच्या आड येते हे तपासणीत दिसायला हवं," त्या म्हणाल्या. "नुसतं छान दिसायला केलं तर कंपनी दमडी देत नाही."

ते मला पटलं. माझ्या नणंदेने फोटोत तरुण दिसायला पापण्या करून घेतल्या, स्वतःच्या खिशातून, आणि शोभतातही तिला. हौसेला मोल नसतं, पण ते दुसऱ्याने का द्यावं?

तपासणी एका मशिनवर होती. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, आणि आत कडेकडेला बारीक दिवे चमकले की बटण दाबायचं. हे बाहेर आले ते छाती फुगवून. "एक दिवा सोडला नाही," म्हणाले. मीही वेडी, शाबास म्हणाले.

विमा कंपनीचा नकार आला. नजरेला अडथळा नाही, शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना आणि माझ्या नणंदेला एकाच तागडीत तोलतात म्हणजे काय? फोन करून तिथल्या माणसाला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "अहो बाई, त्यांना सगळे दिवे दिसलेत." मी फोन धरून ह्यांच्याकडे बघितलं. पेपर वाचत बसले होते, भुवया केसांत.

"अहो, त्या मशिनसमोर पण असंच बसला होतात?"

"मग? तपासणी होती ना."

मी कपाळावर हात मारून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी पुन्हा लिहून दिली, या वेळी भुवया न उचलता, पण हे अडून बसले. "नापास झालो आणि डेपोत कळलं, तर गाडी सुटेल माझ्या हातची. चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना वेळा सांगत बसू?"

"आणि परत दिवा दिसला नाही तर?"

"मला मुद्दाम खोटं वागायला सांगू नकोस."

"खोटं तुम्ही आत्तापर्यंत वागलात," मी तोडून टाकलं. चुकीचं नव्हते बोलत, पण त्यांच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस आमच्यात फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच चाललं. तिसऱ्या दिवशी बूट घालून दारात उभे राहिले.

या वेळी मी आतच बसले. मशिनवरची पोरगी लहानखुरी, पण खमकी होती. "काका, कपाळ सैल सोडा. घरी दमून बसता ना, तसे बसा." भुवया वर गेल्या की बोट ठेवून खाली आणायची. मशीन सुरू झालं. बटणाचा आवाज यायचा, मग कितीतरी वेळ यायचाच नाही. मी पदराचं टोक पिळत बसले. नंतर तिने पापण्या चिकटपट्टीने वर लावल्या आणि तीच तपासणी पुन्हा घेतली. आता बटण टकटक वाजत राहिलं.

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर वरचा जवळजवळ अर्धा भाग काळा, दुसरा लख्ख. हे बघत राहिले. "ह्या काळ्यात काय काय येतं?"

"वरचं सगळं, काका. सिग्नल, पाट्या, समोरची उंच गाडी."

ते बाहेर आले, भिंतीला टेकले आणि खिशातून फोन काढला. मला वाटलं आमच्या मुलाला लावतायत. "साहेब," ते म्हणाले, "उद्यापासून मला गाडी देऊ नका. मला वरचं दिसत नाही." मग पुढे म्हणाले, "बरेच दिवस दिसत नव्हतं. मलाच कळलं नाही." हा माणूस वाट चुकला तरी कुणाला पत्ता विचारत नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी तिथेच बाकावर बसून रडले. साहेबांनी ऑपरेशन होईपर्यंत चौकशीची खिडकी दिली, आणि डोळ्यांच्या तपासणीत पास झालात तर गाडी तुमचीच, म्हणाले.

दोन्ही कागद पाठवल्यावर विमा कंपनीने मंजुरी दिली. आमचा हिस्सा भरला, ऑपरेशन झालं, टाके निघाले. आठवडाभर चेहरा मार खाल्ल्यासारखा दिसत होता, आणि नणंद येऊन, "वाईट वाटून घेऊ नकोस दादा, मीही अशीच दिसत होते," असं सांगून गेली.

आज डेपोत तपासणी होती. सकाळी टीव्ही चालू होता, कुणीच बंद केला नाही. मी सोबत गेले आणि बाहेर थांबले. ते इतक्या लवकर बाहेर आले, की मला वाटलं, नापासच झाले. माझ्याशेजारी येऊन बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सोमवारपासून पहिली फेरी माझी," ते म्हणाले. "काहीच करावं लागलं नाही गं. नुसता बसलो, आणि दिसलं."