डबीखालचं पांढरं

गुंडू मिस्त्रीनं ओलं फडकं घट्ट पिळलं, त्याची चौघडी केली आणि इंजिनाशेजारच्या पत्र्यावर स्क्रूनं बसवलेल्या काळ्या डबीवर ठेवून दिली. मग खिशातला अडकित्ता काढून तो सुपारी कातरत उभा राहिला.

"आता काय?" रुद्राप्पानं विचारलं.

"आता गप ऱ्हायाचं. धा मिनिटं."

पाऊण तास नुसती चालू ठेवलेली ती मोठी विलायती गाडी आत्ताच, रुद्राप्पाच्या डोळ्यांदेखत बंद पडली होती, आणि ती बंद पडली म्हणून त्याला कधी नव्हे ते बरं वाटलं होतं. चार महिन्यांत चार मिस्त्री झाले. प्रत्येकाच्या दारात ही बया शहाण्यासारखी चालू व्हायची आणि रस्त्यात दगा द्यायची. निपाणीच्या वाटेवर, राजारामपुरीच्या चौकात, एकदा तर ऐन लग्नाच्या मांडवापुढं. अर्धा तास गेला की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. आधीच्या मिस्त्रींना घाई होती. गुंडूनं तिला चालू ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसला.

सुपारी संपली.

"मारा स्टार्टर."

रुद्राप्पानं चावी फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन चालू झालं.

"घोडं पेंड खातंय ते हितं," गुंडूनं डबीवर बोट ठेवलं. "प्लगाला करंट कवा द्यायचा ते ही डबी ठरवती. तापली की हिला भोवळ येती, गार पडली की शुद्धीवर. इग्निशनचा मोड्यूल म्हणत्यात. नवा घालाय लागतोय."

"म्हंजे पेट्रोलात काय न्हवतं?"

"पेट्रोल चोख हाय की. कोण म्हणतंय?"

कोण म्हणतंय ते रुद्राप्पानं सांगितलं नाही. त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. जीव भांड्यात पडला होता.

म्हणणारे होते बसवराज, घरचे मालक. गूळ बाजारातली त्यांची पेढी, आणि ही गाडी त्यांच्या वडलांनी हौसेनं घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली, रुद्राप्पा राहिला. बसवराजला त्यानं शाळेत पोचवलेलं. मामा, मामा करत पोरगं मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचं. तेच पोरगं आता मोठं होऊन म्हणत होतं, की ड्रायव्हर पेट्रोल विकतोय आणि वर रॉकेल ओततोय, त्याशिवाय गाडी अशी करणार नाही. गेला महिनाभर त्याच्या तोंडून 'मामा' गेला होता आणि नुसता 'ड्रायव्हर' आला होता. एक तारखेपासून हुपरीचा दुसरा माणूस येणार हेही ठरलं होतं. सत्तावीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या गाडीत डोळ्यांत तेल घालून काम केलं, त्यानं छप्पन्नाव्या वर्षी चोर म्हणून गडहिंग्लजच्या गाडीत बसायचं आणि गावी जाऊन काय सांगायचं? ह्या विचारानं त्याला भाकरी गोड लागत नव्हती.

मुंबईला ट्रंक कॉल झाले. नवव्या दिवशी सकाळच्या गाडीनं पार्सल आलं आणि रुद्राप्पा गाडी घेऊन उद्यमनगरात गुंडूच्या गॅरेजवर हजर झाला. अक्काही आल्या होत्या. अक्का म्हणजे शांतादेवी, बसवराजची आई. नऊ दिवस रिक्षात हाडं खिळखिळी करून घेतली, आता गाडी नीट झाल्याशिवाय मी उतरत नाही, असं म्हणून त्या मागच्या सीटवर काच खाली करून बसल्या. गुंडूनं बॉनेट उघडलं तसा त्याचा पत्रा मध्ये आला, आणि मागं कुणी बसलंय हे दोघंही विसरून गेले.

गुंडूनं जुन्या डबीचे स्क्रू काढले, ती उलटी केली आणि उन्हात धरली. तिचं बूड लखलखीत होतं. मग त्यानं पत्र्यावरची जागा बोटानं चाचपली. तीही स्वच्छ.

"आयला," तो म्हणाला. "हितलं पांढरं कुठं गेलं?"

"कसलं पांढरं?"

गुंडूनं पार्सलातली बोटभर नळी काढली, टोपण फिरवून चिमूटभर पेस्ट अंगठ्यावर घेतली. दाट, पांढरी, चुन्यासारखी. "हे. डबीच्या बुडाला लावायचं असतंय. डबी तापती, हे तिची ऊब पत्र्यात पोचवतंय, पत्रा वाऱ्यावर गार हुतोय. हे नसलं की डबी जागच्या जागी भाजून निघती. कारखान्यातनं लावूनच देत्यात. लष्करात वायरलेसचे सेट दुरुस्त करत हुतो तवा रोज हात बरबटायचं ह्यानं." त्यानं रुद्राप्पाकडं पाहिलं. "पुसलं कुणी?"

गुंडूचा आवाज असा, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा.

रुद्राप्पाला गेली खंडेनवमी लख्ख आठवली. त्या दिवशी यंत्रं, हत्यारं, वाहनं धुवून पुजायची. इतर ड्रायव्हर गाडी वरनं धुतात. रुद्राप्पाला तेवढ्यावर चैन पडत नाही. थोरले मालक गेल्यावरची पहिलीच खंडेनवमी, म्हणून त्यानं इंजिनाचा कोपरा अन् कोपरा घासला होता. ह्या डबीच्या कडेला बुरशीसारखं काहीतरी पांढरं दिसलं. देवाच्या दिवशी बुरशी कशाला, म्हणून त्यानं स्क्रू काढले, फडकं पेट्रोलात बुडवलं, खालचं सगळं खरवडून चकाचक केलं, आणि डबी होती तशी परत बसवली. मग हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दिवाळीत गाडी पहिल्यांदा बंद पडली.

"मी," तो म्हणाला. "खंडेनवमीला. मला घाण वाटली."

गुंडूचं पोट हसण्यानं हलायला लागलं. "लोकं दोन दोन वर्सं ऑइल बदलत न्हाईत, आणि तुम्ही डबीचं बूड घासलंयसा. पावणं, कमाल हाय तुमची."

"मालकास्नी सांगू नका," असं म्हणायचं रुद्राप्पाच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. तसं म्हणण्याची त्याला लाज वाटली. गुंडूनं हसणं आवरलं, नळी त्याच्या हातात दिली आणि नवी डबी उलटी करून पुढं धरली.

"तुम्हीच लावा. म्हंजे जन्मात इसरणार न्हाईसा."

रुद्राप्पानं लावलं. कडेपर्यंत, सारखं. गुंडूनं डबी बसवली, स्क्रू आवळले. एवढ्यात बसवराज स्कूटरवरनं आला.

"सापडलं काय मिस्त्री? कशानं झालतं?"

गुंडूनं फडक्याला हात पुसले. रुद्राप्पा जमिनीकडं बघत होता.

"डबी उष्णतेनं गेली," गुंडू म्हणाला. "कुणाचीबी जाती. पेट्रोलाचा काय संबंध न्हाय."

बसवराज स्कूटरच्या आरशाशी खेळत म्हणाला, "मामा, मी पेट्रोलाचं जे बोललो ते मनात ठेवू नका. हुपरीच्या माणसाला मी नको म्हणून कळवतो."

महिनाभर ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द असा आला, आणि रुद्राप्पाला तो पायताणातल्या खड्यासारखा टोचला. चोरी केली नव्हती हे खरं. पण गाडी त्यानंच बिघडवली होती हेही खरं, आणि माफी मात्र मालक मागत होते. त्यानं तोंड उघडलं.

"मालक, ते डबीचं—"

"झालं असंल तर चला की," बॉनेटच्या पलीकडनं अक्कांचा आवाज आला. "ऊन चढाय लागलंय."

तेव्हा कुठं दोघांना आठवलं की मागं अक्का बसल्यात. गुंडूनं बॉनेट खाली टाकलं. अक्का पदरानं वारा घेत होत्या आणि रस्त्यावरच्या म्हशींकडं बघत होत्या. त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

गाडी कागलपर्यंत नेली आणि परत आणली. एकदाही अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी निपाणी, आठवड्यानं गडहिंग्लज, मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी तवंदीचा घाट. गाडी लोण्यातनं सुरी जावी तशी गेली. घाटाच्या माथ्यावर रुद्राप्पानं सुस्कारा सोडला आणि आरशात बघून म्हणाला, "अक्का, एक सांगायचं हुतं."

"फुडं बघून चालव," अक्का म्हणाल्या.

पुन्हा दोनदा त्यानं विषय काढला आणि दोन्ही वेळा त्यांना काही ना काही आठवलं. एकदा भाजी घ्यायची होती, एकदा डोळ्यात धूळ गेली होती. शेवटी त्यानं नाद सोडला. पण डबीकडं बघितलं की त्याला अजून कसंनुसं व्हायचं, आणि बसवराजनं मामा म्हटलं की तो मान खाली घालायचा.

पावसाळा सरला. खंडेनवमी आली. सकाळी सहालाच रुद्राप्पानं बादली भरली, फडकी काढली, गाडी अंगणात घेतली. वरचं धुवून झालं. आता आतलं काय करायचं? हात लावला तर भीती, नाही लावला तर पूजा अर्धी. त्यानं बॉनेटचा खटका ओढायला दार उघडलं आणि तिथंच थबकला.

अक्का पूजेचं ताट घेऊन पायरीवर आल्या. मागं बसवराज नारळ घेऊन उभा होता.

"रुद्राप्पा," अक्का म्हणाल्या, "यंदा बॉनेट उघडायचं न्हाय. हळदकुंकू वरनंच."

"का गं अव्वा?" बसवराजनं विचारलं. "दरसाल तर आतनं पुजतोय की."

"असू दे. पण आतल्या देवाला आंघोळ सोसत न्हाय," अक्का म्हणाल्या, आणि ताटातलं कुंकू भिजवायला लागल्या.

रुद्राप्पाचा हात खटक्यावरच राहिला. उद्यमनगर, उघडी काच, गुंडूचा तो आवाज, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढं आलं. म्हणजे बसवराज माफी मागत होता तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. सात महिने ठाऊक होतं, आणि सात महिने त्या त्याच्याच गाडीत मागं डोळे मिटून निवांत झोपत होत्या. त्याच्या छातीवरचं ओझं हललं आणि खाली उतरलं. त्यानं खटक्यावरचा हात काढला, दार लावलं.

"मग टायर धुतो, अक्का," तो म्हणाला.

"धू की," अक्का म्हणाल्या. "टायर कितीबी धू."